पाड्यावर धूर नव्हता

देवानं समुद्र दुभंगला, तटबंद्या पाडल्या, भुकेल्या सिंहांची तोंडं आवळून धरली, यावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. मोठ्या कामांबद्दल मला कधी शंका आली नाही. शंका होती ती पातेल्याबद्दल. आभाळ आणि समुद्र सांभाळणारा देव तारापूरच्या खाडीकाठी एका रोलर ड्रायव्हरच्या कुडाच्या घरात येईल, वाकून पातेल्यावरचं झाकण उचलील आणि आत तांदूळ किती आहेत ते बघेल, हे काही केल्या माझ्या मनाला पटत नव्हतं. तो ज्या दिवशी खरोखर वाकला, त्या दिवसाची ही हकिकत आहे. माझी जीभ जरा सढळ आहे, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. माझ्या गळाला लागून सुटलेला मासा घरी येईपर्यंत होडीएवढा होतो. पण हे लिहिताना मी हात आखडता घेतला आहे, आणि जिथे भर पडलीच, तिथे ती भर आहे असं सांगूनही टाकलं आहे.

साठच्या दशकातली मधली वर्षं होती. तारापूरला अणूपासून वीज काढायचं प्रचंड काम निघालं होतं आणि तिकडे अवजड सामान जावं म्हणून बोईसरपासूनचा रस्ता रुंद होत होता. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती लोक. पोटामागे फिरत फिरत इथे आलो आणि एका ठेकेदाराचा वाफेवरचा रोलर माझ्या हाती आला. त्या रोलरचा वेग काय सांगू! रस्त्यात झोपलेला कुत्रा आधी एक डोळा उघडायचा, मग जांभई द्यायचा, मग कान खाजवायचा, आणि तरी त्याला उठून बाजूला व्हायला भरपूर वेळ उरायचा. एका कोंबडीनं माझ्या चाकापुढे अंडं घातलं, उबवलं आणि पिल्लं घेऊन रस्ता ओलांडला, असं मी नेहमी सांगतो. त्यात थोडी भर आहे. पिल्लं तिनं पलीकडे जाऊन काढली.

पण या मंदपणाचा एक फायदा होता. मोटारवाला माणूस धूळ उडवून निघून जातो. रोलरवाल्याला रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलायला सवड असते. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बायका मागून येऊन मला गाठायच्या, माझ्याशी गप्पा मारत काही पावलं चालायच्या आणि मग कंटाळून पुढे निघून जायच्या. त्यांत हिराबाय म्हणून एक म्हातारी होती. साठी उलटलेली, आवाज भोंग्यासारखा. "काय रं डायवर, नाताळपर्यंत पोचशील काय बोईसरला?" असं ती रोज विचारायची, आणि रोज नव्यानं हसायची. तिच्याच पाड्याच्या कडेला आमचं घर होतं. चाळीस घरांचा मच्छीमारांचा पाडा. आम्ही परके, परधर्माचे, घाटावरचे. तरी त्यांनी आम्हाला घर बांधायला जागा दिली आणि त्यांच्या गोड्या विहिरीवर पाणी भरू दिलं. खाऱ्या मुलखात विहिरीवर येऊ देणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल.

आमची थोरली लेक सुशीला, सुशी, हिचं लग्न ठरलं. मुलगा संगमनेरकडचा, शाळेत शिक्षक, गरीब स्वभावाचा. त्याची आई मात्र गरीब स्वभावाची नव्हती. ताठ बाई. बोलणी करायला आली तेव्हा आमच्या दाराशी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येताच तिनं पदर नाकाला लावला, तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत काढला नाही. तिच्या बोलण्यात त्यांचं चौसोपी घर, मोटेचं पाणी, धान्याच्या कणग्या असं सगळं सारखं येत होतं. सुशी आत बसून ऐकत होती. विहीणबाई गेल्यावर सुशीची आई मला म्हणाली, "अहो, लग्नात एकाही पानावर कमी पडलं, तर आपली पोर जन्मभर ऐकून घेईल. एवढं लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. वऱ्हाडाची पंधरा माणसं, बोईसरला कामावर असलेली आमच्या ख्रिस्ती मंडळीतली दहा, पालघरहून येणारे पाळकसाहेब, आणि पाड्यातून घरटी एक माणूस, म्हणजे चाळीस. सत्तर पानांची तयारी ठेवली. दिवस रेशनचे होते. दुकानात जाऊन तांदळाचं पोतं उचलून आणायची सोय नव्हती. पाच महिने थोडे थोडे तांदूळ मागे टाकून तेवढे साठवले होते. दोन बोकड बांधून ठेवले होते. केळव्याच्या एका वाडीवाल्यानं केळीची पानं पाठवायचं कबूल केलं होतं. म्हणजे सगळं नीट होतं. फक्त बोलावणं करायला मी स्वतः गेलो, हीच चूक झाली.

त्याचं असं झालं. रोलर पाड्यासमोर आला तेव्हा हिराबाय, पाड्याचा पाटील आणि आणखी दहाबारा जणं जाळी शिवत बसली होती. मी रोलर न थांबवता, म्हणजे तो थांबला काय आणि चालला काय सारखंच, वरूनच लग्नाची तारीख सांगितली. पाटील दोऱ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "घरटी एकच आसंल ना रं? घाटावरच्या लोकांची रीतच ती. पंगत बसली का मानसं मोजतात." सगळे हसले. हिराबाय म्हणाली, "जाऊं द्या रं, गरिबाला कशाला चिडवता?"

पाटलाच्या चिडवण्यानं मला काही झालं नव्हतं. हिराबायच्या 'गरिबाला'नं झालं. मी उभा राहिलो. शिट्टीची साखळी ओढली. त्या शिट्टीनं माहीमपर्यंतचे बगळे उडाले असतील. बरं, खाडीवरचे तरी नक्की उडाले. आणि त्या वाफेत उभा राहून मी गरजलो, "घरटी एक? कोण म्हणतं घरटी एक? चूलबंद! पाड्याला चूलबंद बोलावणं आहे! त्या दिवशी या पाड्यातली एक चूल पेटलेली दिसली तर मी रोलर खाडीत घालीन!"

चूलबंद बोलावणं म्हणजे घरातली लहानथोर सगळी माणसं जेवायला. त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. चाळीस घरं, आणि प्रत्येक घरात सहा-सात तोंडं. हिशोब मला येत होता. पण टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्यांपुढे मला कधी हिशोब सुचला नाही.

घरी मी काही बोललो नाही. पहिले दोन दिवस वाटलं, सांगू सावकाश. मग वाटलं, माझं बोलणं कोण मनावर घेतं? कोंबडीची गोष्ट ऐकलेली माणसं, ही पण त्यातलीच समजतील. मग प्रार्थना केली. प्रार्थनेतसुद्धा मी देवाला नीट सांगितलं नाही. "प्रभू, लग्नात जरा सांभाळून घे," एवढंच म्हणालो, जसं काही त्याला चूलबंद बोलावण्याची बातमी पोचलीच नव्हती.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच येऊन शेजारच्या रिकाम्या झोपडीत उतरलं होतं. सकाळी दात घासत मी अंगणात उभा राहिलो आणि पाड्याकडे नजर गेली. रोज त्या वेळी चाळीस घरांतून धूर निघायचा, नारळीच्या शेंड्यांत अडकायचा, आणि सगळा पाडा ढगात बसल्यासारखा दिसायचा. त्या दिवशी आभाळ लख्ख होतं. एकाही घरातून धूर नाही. एकाही नाही! माझं बोलणं त्या लोकांनी अक्षर न् अक्षर मनावर घेतलं होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि दात घासणारं माझं बोट तोंडातच राहिलं.

सुशीची आई मागे येऊन उभी राहिली. तिनंही पाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला माझा चेहरा वाचता यायला लागला होता.

"काय बोलून आलात?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओट्यावर बसली. "अडीचशे माणसं," ती म्हणाली, "आणि तांदूळ सत्तरांचे. आता ती माणसं उपाशी उठतील, आणि ती बाई बघत बसेल."

आमच्याकडे सकाळी कुटुंबाची प्रार्थना असायची आणि शास्त्र, म्हणजे बायबल, सुशी वाचायची. लग्नाचा दिवस म्हणून तिनं चुकवलं नाही. हळदीच्या हातांनी तिनं शास्त्र उघडलं. कुठलाही भाग मुद्दाम निवडला नव्हता. रोजचा क्रम पुढे सरकत सरकत जिथे आला होता, तिथून तिनं वाचायला सुरुवात केली. ती त्या विधवेची गोष्ट निघाली, जिच्या घरात तेलाच्या एका भांड्याखेरीज काही उरलं नव्हतं. संदेष्टा तिला सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी आणू नको. मग दार लावून ओतत राहा. ती ओततच राहते, तेल वाहतच राहतं, आणि भांडी संपतात तेव्हाच थांबतं.

माझ्या अंगावर काटा आला. अहो, काटा काय, शहारे मांडवाच्या झावळ्यांपर्यंत पोचले! मला वाटलं, हे माझ्यासाठीच. प्रार्थना संपेपर्यंत माझा धीर टिकला नाही. 'आमेन' म्हणता म्हणता मी आत गेलो, तांदळाच्या पिंपावरचं झाकण उचललं आणि डोकावलो. तांदूळ होते तेवढेच होते. झाकण ठेवलं, डोळे मिटले, परत उचललं. तेवढेच. नाही म्हणायला एक मुंगी वाढली होती.

सुशीची आई दारात उभी राहून माझा हा उद्योग बघत होती. तिला वाचायला येत नव्हतं. सगळं शास्त्र ती कानांनी शिकली होती, आणि म्हणूनच की काय, माझ्या डोळ्यांतून निसटलेलं तिच्या कानात अडकून राहायचं.

"तुम्ही तेलाकडेच बघताय," ती म्हणाली. "तेल मागाहून आलं. आधी त्या बाईला शेजाऱ्यांची दारं वाजवावी लागली. देवाला काय, तिच्या त्या एका भांड्यातूनच जन्मभर तेल पुरवता आलं नसतं? त्याला शेजारी कशाला हवे होते? आणि भांडी मागताना ती काय म्हणाली असेल, याचा विचार केलात का कधी? भांड्यात घालायला घरात काही नाही, पण भांडी द्या. लाज वाटली नसेल तिला?"

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. दोनदा तर मंडळीपुढे हातवारे करून सांगितलीही होती, आणि माझ्या सांगण्यात तेलाचा पूर गावाच्या वेशीपर्यंत जायचा. त्या भांड्यांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मागितलेली भांडी. दुसऱ्याच्या घरची.

"म्हणजे मी काय करू?"

"भांडी मागून आणा. आणि खरं सांगून आणा."

आमचं घर आणि पाडा यांत हाकेचं अंतर. रोलरनं मी कित्येक मैल रस्ता दाबला असेल, पण तेवढ्या वाटेएवढी लांब वाट मी कधी चाललो नाही. पाडा चिडीचूप होता. चुली पोतेऱ्यानं सारवून ठेवलेल्या. बायका ओट्यांवर बसलेल्या, सगळ्यांच्या केसांत फुलं, आणि कोणाच्याच हाताला काम नाही. मी दिसताच सगळ्या बघायला लागल्या, पण एक बोलेल तर शपथ. हिराबायच्या दारासमोर मी उभा राहिलो.

"हिराबाय," मी म्हणालो, "भांडी पाहिजेत. मोठे टोप, तपेली, असतील ती. आणि दुसरं म्हणजे, माझ्या घरात सत्तर माणसांचे तांदूळ आहेत. जास्त नाहीत. त्या दिवशी रोलरवरून बोललो ती बढाई होती. चूलबंद जेवू घालायची माझी ऐपत नाही. हे मला आधीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

एवढं साधं, सरळ, भर न घालता मी त्याआधी कधी बोललो असेन असं मला आठवत नाही. आणि बोलून झाल्यावर हिराबाय जी हसायला लागली! खांबाला धरून हसली, ओटीवर बसून हसली, डोळे पुसत हसली.

"आरं, आमाला ठाव हाय रं! तुज्या बोलन्यातला निम्मा आमी आधीच टाकून देतो. सत्तर बोललास? आमी चाळीसच धरले व्हते." मग तिनं पाड्याकडे तोंड करून हाक दिली, "आला गं बायांनो! भांडी मागाया आला!"

आणि पाडा जागा झाला. घराघरांतून बायका आत पळाल्या. मी खुळ्यासारखा उभा. तेव्हा हिराबायनं मला समजावलं, आणि ते समजेपर्यंत मी खरोखरच रडत होतो, यात तिळाएवढीही भर नाही. आमच्याकडे चूलबंद म्हणजे यजमानानं सगळ्यांना जेवू घालायचं. त्या पाड्याची रीत वेगळी होती. चूलबंद बोलावणं आलं की त्या दिवशी घरात जे शिजायचं, ते सगळं लग्नघरी जायचं. चूल बंद व्हायची ती घरातली. शिजायचं ते मांडवाच्या मागे, सगळ्यांचं एकत्र.

"घरटी एक बोलावला आसतास तर आमचे बाप्ये आले आसते, जेवले आसते न् पसार झाले आसते," ती म्हणाली. "चूलबंद बोललास म्हनून बाया येतील. पन भांडी मागाया यजमानानं यावा लागतो. आमी आपनहून शिधा घेऊन आलो तर तुजा आपमान व्हतो. सकाळधरनं केस विंचरून बसलोय, मेल्या, तुजी वाट बघत! दुपारपर्यंत आला नसतास तर उपाशी पोटानं, रिकाम्या हातानं येनार व्हतो, न् तुजी अब्रू गेली आसती."

"मला वाटलं, रिकामी भांडी..."

"लगनाच्या घरी रिकामा भांडा धाडतात काय? घाटावर धाडत आसतील!"

मग ती भांडी निघाली. काय सांगू तुम्हाला! टोप, हंडे, तपेली, मातीची गाडगी, डोक्यावर, कमरेवर, दोघींनी कडी धरून. दिवस भांगाचे होते, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि जाळ्यात फारसं काही पडत नाही असे. त्यामुळे कोणाकडेच खूप नव्हतं. एकीच्या टोपात ओंजळभर कोळंबी. एकीकडे सहा ओले बोंबील. कोणाकडे सुका जवळा, कोणाकडे नारळ, कोणाकडे आदिवासी पाड्यांवर सुकटीच्या बदल्यात घेतलेले लाल तांदूळ. एका म्हातारीच्या तपेल्यात फक्त मूठभर चिंच होती, आणि ती सगळ्यांत ताठ मानेनं चालत होती. मी त्या रांगेच्या पुढे चालत होतो आणि मला शास्त्रातली ती विधवा दिसत होती. तिची भांडी रिकामी आली आणि देवानं ती भरली. माझी तो वाटेतच भरत होता.

मांडवामागे तीन तीन दगडांच्या चुली मांडल्या. माझं मटण, माझा भात, त्यात त्यांचा लाल तांदळाचा भात, तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, बोंबलाचं आंबट. सुशीची आई आणि हिराबाय एकाच पळीवरून भांडत होत्या. पाळकसाहेब पालघरहून आले, लग्न लागलं, गीतं म्हटली गेली, आणि पाड्यातल्या लोकांनी सूर नसलेल्या ठिकाणीही सूर लावला. मग पंगती बसल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक पंगतीला मी जाऊन भाताच्या टोपात डोकावत होतो, आणि हिराबाय पळीनं माझ्या हातावर मारत होती. "बघू नको! बघितल्यानं कमी व्हतो!" शेवटच्या पंगतीत वाढणारी माणसं बसली. ती उठली, तरी भात होता.

विहीणबाई दुसऱ्या पंगतीला होती. पदर नाकाला होताच. पानावर बोंबलाचं आंबट पडलं तेव्हा तिनं ते बोटानं बाजूला सारलं. मग बोट चाटलं. मग थोडी थांबली. मग पदर खाली आला. तिनं ते कालवण सात वेळा मागून घेतलं. बरं, तीन वेळा.

हात धुवायला ती मांडवामागे आली आणि तिथेच थबकली. धुतलेली भांडी पालथी घातली होती आणि प्रत्येकावर वेगळी खूण होती. कुठे होडी कोरलेली, कुठे मासा, कुठे नुसत्या तीन रेघा. कोणाचं भांडं कोणतं, ते कळावं म्हणून. ती बराच वेळ बघत राहिली. सुशी जवळच उभी होती. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाली, "ही सगळी भांडी तुमची?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. होडीची खूण आजोबांची, माशाची खूण पणजोबांची, असं सगळं घराणंच तयार होतं! पण सकाळी एकदा खरं बोलून बसलो होतो आणि त्याची चव अजून तोंडात होती.

"एकही नाही," मी म्हणालो. "सगळी मागून आणलेली. भांडीच नाही, त्यातलं अन्नही. तुम्ही जे तीन वेळा घेतलंत, ते या पाड्याचं. माझ्या घरात सत्तर पानांपुरतंच होतं, आणि बढाईनं मी अडीचशे बोलावून बसलो होतो."

सुशीनं डोळे मिटून घेतले. विहीणबाईनं पदरानं हात पुसले, आणि पालथ्या घातलेल्या एका टोपावर बसल्यासारखी टेकली. मग एकदम म्हणाली, "आमचं घर चौसोपी नाही. होतं, सासऱ्यांच्या वेळी. आता दोन खोल्या आहेत. विहिरीला फाल्गुनापासून पाणी नसतं. कणग्या आहेत, पण त्यात मुलाची पुस्तकं ठेवतो." ती सुशीकडे वळली. "पोरी, मी तुला घरी नेऊन हे कसं दाखवणार होते, या काळजीनं मला येताना गाडीत झोप नव्हती. पाणी शेजारून आणावं लागेल. आणशील?"

सुशीनं डोळे उघडले. "आई, मला शेजाऱ्यांकडे मागता येतं," ती म्हणाली, आणि हसली. लग्न ठरल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग विहीणबाई हसली, आणि काय चाललंय ते न कळताच हिराबायनंही भोंगा लावला.

त्यानंतर मला एक छंदच लागला. शास्त्रात मोठ्या चमत्कारांच्या आजूबाजूला पडलेल्या बारीक गोष्टी मी वेचायला लागलो. एका मेलेल्या मुलीला प्रभू उठवतो. सगळे तोंडात बोटं घालून बघत असतात, आणि तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. मुलगी भुकेली असेल, हे त्याच्या एकट्याच्या लक्षात येतं! आणि ती पहाट, रात्रभर मासेमारी करून शिष्य काठाला लागतात. त्यांचं जाळं अजून वर यायचं असतं, आणि काठावर कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासा भाजत असतो. हे मी एकदा हिराबायला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही. "मंग? पान्यातनं भिजून आलेल्या मानसाला आधी खायाला देनार, का गोष्टी सांगत बसनार?" आमच्या पाळकसाहेबांनी तासभर केलेला उपदेश तिनं एका वाक्यात संपवला.

त्या दिवशी तांदूळ पिंपात वाढले असते, तर मी ती गोष्ट जन्मभर सांगितली असती, आणि तांदळाचा ढीग छपराला लावला असता. देवाला ते ठाऊक असणार. म्हणून त्यानं तांदूळ वाढवले नाहीत. त्यानं मला एका म्हातारीच्या दारात नेऊन उभं केलं आणि माझ्या तोंडून खरं काढलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, अशी माझी समजूत होती. शरण जायला कधी कधी चालत जावं लागतं, आणि दार वाजवावं लागतं. त्या पाड्याचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. ज्यानं त्या चुली थंड ठेवल्या, त्याचे तर नाहीच नाहीत. आता प्रार्थनेला बसलो की माझ्याकडे काय काय आहे, ते मी त्याला सांगत बसत नाही. माझं भांडं किती रिकामं आहे, तेवढंच सांगतो. आणि तेही, भर न घालता.